फंक्शनांचा क्रम: लिंकर स्क्रिप्ट हातानं लिहू नका, बनवून घ्या

प्रश्न असा आहे. लिनक्सवर चालणारा एक मोठा सी++ प्रोग्रॅम आहे, जीसीसी (कंपाइलर) आणि जीएनयू एलडी (लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून एक्झिक्युटेबल बनवणारा प्रोग्रॅम) वापरून बांधलेला. सुरू होताना कोणती फंक्शनं कोणत्या क्रमानं चालतात याची 180 नावांची यादी हाताशी आहे. ती फंक्शनं एक्झिक्युटेबलमध्ये त्याच क्रमानं शेजारीशेजारी बसावीत म्हणून लिंकर स्क्रिप्ट, म्हणजे कोणता तुकडा कुठे बसवायचा ते लिंकरला सांगणारी फाइल, लिहिली. लिंक बिनतक्रार झालं, पण क्रम लागला नाही. काही फंक्शनं हलली, काही जागची हलली नाहीत आणि जी हलली ती भलत्याच क्रमानं बसली. आता ही स्क्रिप्ट एखाद्या छोट्या प्रोग्रॅमकडून तयार करून घ्यावी का, आणि कशी?

हो, करून घ्याच. पण नावांच्या यादीतून ओळी छापणारा प्रोग्रॅम कोणीही अर्ध्या तासात लिहील, आणि तो तुमच्या हातच्या स्क्रिप्टइतकाच चुकेल. फक्त जास्त वेगानं. या कामातला खरा त्रास हा आहे की इथल्या बहुतेक चुका मुक्या असतात. स्क्रिप्टमधल्या ओळीला जुळणारं काहीच सापडलं नाही तर जीएनयू एलडी हूं की चूं करत नाही. त्यामुळे आधी क्रम का लागला नाही ते पाहू, मग स्क्रिप्ट बनवण्याकडे वळू.

(खाली स्क्रिप्टच्या ओळी, फ्लॅग म्हणजे कमांडला द्यायचे पर्याय, आणि सेक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या फाइलींत त्यांचं नेहमीचं रोमन स्पेलिंगच राहील.)

लिंकरला फंक्शन ही वस्तू दिसत नाही, त्याला सेक्शन, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलमधले नाव असलेले तुकडे, दिसतात. साध्या कंपाइलमध्ये एका ऑब्जेक्ट फाइलमधली (एका सोर्स फाइलवरून कंपाइलरनं बनवलेल्या फाइलमधली) जवळपास सगळी फंक्शनं एकाच `.टेक्स्ट` सेक्शनमध्ये एकापाठोपाठ एक भरलेली असतात. तो गठ्ठा लिंकर फोडू शकत नाही. उचलला तर अख्खा उचलायचा, नाहीतर आहे तिथे ठेवायचा. म्हणून `-एफफंक्शन-सेक्शन्स` हा फ्लॅग कंपाइलच्या वेळी द्यावाच लागतो. मग प्रत्येक फंक्शनला `.टेक्स्ट.` च्या पुढे त्याचं सिम्बॉल (लिंकरला दिसणारं नाव) लावून स्वतःचा सेक्शन मिळतो. तुमची काही फंक्शनं हलली, म्हणजे फ्लॅग कुठेतरी पोचलाय. न हललेल्यांपैकी काही बहुधा अशा लायब्ररीतली असतील, जी वेगळ्या बिल्डमधून तयार स्थिर आर्काइव्ह (अनेक ऑब्जेक्ट फाइलींचा एकत्र गठ्ठा) म्हणून येते आणि जिला हा फ्लॅग कोणी दिलेलाच नाही. एका ऑब्जेक्ट फाइलवर `रीडएल्फ` (फाइलच्या आत काय आहे ते दाखवणारं साधन) चालवून सेक्शनांची यादी बघितली की मिनिटात कळतं.

आता भलत्या क्रमाबद्दल. तुम्ही सगळी नावं एकाच कंसात लिहिली असणार, असं:

    *(.टेक्स्ट.रीड_कॉन्फिग .टेक्स्ट.ओपन_कॅश .टेक्स्ट.लोड_फॉन्ट)

याचा अर्थ आपल्याला वाटतो तो नाही. एका कंसातली अनेक नावं म्हणजे "यांपैकी कोणताही सेक्शन, ज्या क्रमानं इनपुटमध्ये भेटेल त्या क्रमानं". म्हणजे शेवटी क्रम ठरतो तो ऑब्जेक्ट फाइली कमांडवर ज्या क्रमानं दिल्यात त्यावरून. हवा तो क्रम मिळवायचा तर प्रत्येकाला वेगळी ओळ, वेगळा कंस:

    *(.टेक्स्ट.रीड_कॉन्फिग)
    *(.टेक्स्ट.ओपन_कॅश)
    *(.टेक्स्ट.लोड_फॉन्ट)

एलडीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत हा फरक स्पष्ट दिलाय, पण तो अशा जागी आहे की फटका बसल्याशिवाय तिथे कोणी वाचत नाही. मीही फटका बसल्यावरच वाचला.

तिसरी गोष्ट, ओळी कुठे घातल्या. एखादा इनपुट सेक्शन स्क्रिप्टमधल्या ज्या ओळीला पहिल्यांदा जुळतो तिथे तो जातो, आणि नंतरच्या ओळींसाठी उरत नाही. एलडीची मूळ स्क्रिप्ट `एलडी --व्हर्बोज` चालवून बघा. तिच्यात `.टेक्स्ट` च्या पोटात आधी `अनलाइकली`, मग `एक्झिट`, `स्टार्टअप`, `हॉट`, मग `सॉर्टेड` अशा उपनावांच्या ओळी येतात आणि शेवटी सगळ्यांना पोटात घेणारी `.टेक्स्ट.*` ही ओळ. स्क्रिप्टची नक्कल करून आपल्या ओळी या शेवटच्या ओळीखाली लिहिल्या, तर तोवर ताटात काही शिल्लकच नसतं.

नक्कल करूच नका असं मी म्हणेन. डेस्कटॉप किंवा सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमसाठी एलडीची अख्खी स्क्रिप्ट आपल्या भांडारात ठेवली, की लिंकरची पुढची आवृत्ती आल्यावर तिच्यातले बदल आपल्याला मिळत नाहीत, आणि दोन वर्षांनी कोणीतरी डोकं धरून बसतं. त्यापेक्षा `इन्सर्ट` वापरा:

    सेक्शन्स
    {
      .टेक्स्ट.क्रमवार :
      {
        *(.टेक्स्ट.स्टार्टअप.मेन)
        *(.टेक्स्ट.रीड_कॉन्फिग)
        *(.टेक्स्ट.ओपन_कॅश)
      }
    }
    इन्सर्ट बिफोर .टेक्स्ट;

ही फाइल `-टी` नं दिली तरी `इन्सर्ट` असल्यामुळे मूळ स्क्रिप्ट रद्द होत नाही, तिच्यात भर पडते. आणि `-टी` ची स्क्रिप्ट आधी वाचली जात असल्यानं सेक्शन उचलण्याचा पहिला मान तुमच्या ओळींना मिळतो. यात आउटपुटमध्ये `.टेक्स्ट` शिवाय एक जास्तीचा सेक्शन दिसतो. एखादं जुनं साधन "कोड म्हणजे फक्त `.टेक्स्ट`" असं धरून चालत असेल तर तेवढं तपासा.

वरच्या नमुन्यात `मेन` च्या आधी `स्टार्टअप` आलाय तो मुद्दाम. ऑप्टिमायझेशन चालू असलं की जीसीसी `मेन` ला `.टेक्स्ट.स्टार्टअप.मेन` मध्ये टाकतो. तुमच्या यादीत पहिलं नाव `मेन` असणार आणि स्क्रिप्टमध्ये `.टेक्स्ट.मेन` असणार, जो अस्तित्वातच नाही. `हॉट` ॲट्रिब्यूट दिलेलं किंवा प्रोफाइलवरून (प्रोग्रॅम चालवून घेतलेल्या मोजमापावरून) तापलेलं, म्हणजे वारंवार चालणारं, ठरलेलं फंक्शन `.टेक्स्ट.हॉट.` खाली जातं, थंड ठरलेलं `.टेक्स्ट.अनलाइकली.` खाली. कंपाइलर एकाच फंक्शनचे दोन तुकडेही करतो. नेहमीची वाट मूळ जागी राहते, आणि चुका हाताळणारा, क्वचित चालणारा भाग `.कोल्ड` शेपटी लावून अनलाइकलीत फेकला जातो. ही शेपटी आपल्या क्रमवार सेक्शनमध्ये ओढू नका. कंपाइलरनं घासूनपुसून वेगळं काढलेलं आपणच परत मिसळल्यासारखं होतं. शिवाय सी++ मध्ये कन्स्ट्रक्टरची दोन सिम्बॉलं एकाच कोडकडे बोट दाखवू शकतात. जीसीसी फंक्शनाची खास प्रत बनवतो तेव्हा नावाला `.कॉन्स्टप्रॉप.0`, `.आयएसआरए.0`, `.पार्ट.0` असली शेपटं लागतात. आणि खुद्द तुमच्याच फंक्शनचं नाव `हॉट` किंवा `स्टार्टअप` असेल, तर त्याचा सेक्शन आणि कंपाइलरचा खास सेक्शन यांची नावं एकच होतात. क्लँग या दुसऱ्या कंपाइलरनं पुढे खास नावांच्या शेवटी एक टिंब लावून हा घोळ मिटवायची सोय केली, ती याचसाठी.

इथून माझ्या सल्ल्याचा गाभा सुरू होतो. स्क्रिप्ट बनवणाऱ्या प्रोग्रॅमनं सेक्शनचं नाव कधीही तर्कानं जोडू नये. `.टेक्स्ट.` अधिक सिम्बॉल हे सूत्र दहातल्या नऊ वेळा बरोबर येतं, आणि दहावं फंक्शन नेमकं महत्त्वाचं निघतं. त्याऐवजी लिंकला जाणाऱ्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि आर्काइव्ह उघडायचे, त्यांचं सिम्बॉल टेबल वाचायचं, आणि प्रत्येक फंक्शन-सिम्बॉल प्रत्यक्षात कोणत्या सेक्शनमध्ये आहे ते तिथूनच घ्यायचं. एल्फ या लिनक्सवरच्या ऑब्जेक्ट फाइलींच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक सिम्बॉलच्या नोंदीत सेक्शनचा क्रमांक असतो, अंदाज करायची गरजच नाही. असा एक नकाशा तयार झाला की यादीतल्या एकेका नावाला खरा सेक्शन मिळतो, आणि ओळ छापायची ती त्याची. पायथनमध्ये हे शंभरेक ओळींत बसतं. `रीडएल्फ` चं आउटपुट फोडत बसण्यापेक्षा एल्फ वाचणारी लायब्ररी वापरा, कारण लांब नावं `रीडएल्फ` सवयीनं कापून दाखवतो, आणि सी++ ची नावं लांबच असतात.

छापताना तीन पथ्यं. एकच सेक्शन दोन सिम्बॉलांकडून आला तर एकदाच छापा. दुसऱ्यांदा छापल्यानं बिघडत काही नाही, पण पुढच्या पडताळणीत आकडे चुकतात. जागतिक (सगळ्या फाइलींना दिसणारं) सिम्बॉल असेल तर ओळीत फाइलचं नाव घालू नका. टेम्प्लेट आणि इनलाइन फंक्शनांच्या प्रती बऱ्याच ऑब्जेक्ट फाइलींत असतात, लिंकर त्यांतली एक ठेवून बाकीच्या टाकून देतो, आणि तुम्ही जिचं नाव घातलं तीच टाकली गेली तर ओळ वाया. उलट `स्टॅटिक` (आपल्या फाइलपुरतंच) फंक्शन असेल तर फाइलचं नाव हवंच. प्रत्येक मोठ्या प्रोग्रॅममध्ये `इनिट` नावाची डझनभर स्टॅटिक फंक्शनं असतात, आणि साध्या ओळीनं ती सगळीच्या सगळी तुमच्या राखीव जागेत येऊन बसतात. आर्काइव्हमधली असेल तर मांडणी अशी:

    *लिबनेट.ए:सॉकेट.ओ(.टेक्स्ट.इनिट)

विसर्गचिन्हासारखं दिसणारं ते अपूर्णविराम आर्काइव्ह आणि आतली फाइल वेगळी करतं. त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची नाही.

`कीप` बद्दल एक ताकीद. एम्बेडेडच्या (उपकरणांत बसवलेल्या छोट्या प्रोसेसरांच्या) स्क्रिप्टमध्ये सगळीकडे `कीप` दिसतो म्हणून काही जण क्रमाच्या ओळींनाही तो लावतात. `--जीसी-सेक्शन्स` (कोणी न वापरलेले सेक्शन फेकणारा फ्लॅग) वापरत असाल तर `कीप` म्हणजे "कोणी वापरत नसलं तरी फेकू नकोस". एखादं फंक्शन वापरातून गेलं तरी यादीत नाव राहिलंय म्हणून ते, आणि ते ज्यांना बोलावतं ती सगळी वंशावळ, बायनरीत कायमची मुक्कामाला येते. इंटरप्ट व्हेक्टरच्या टेबलाला (ते हार्डवेअर वाचतं, कोडमधून कोणी बोलावत नाही) `कीप` हवाच. क्रम लावण्याशी त्याचा संबंध नाही.

एलटीओ (लिंकच्या वेळी सगळ्या फाइलींवर मिळून होणारं ऑप्टिमायझेशन) वापरत असाल तर वरचा मार्ग अडतो, कारण ऑब्जेक्ट फाइलींमध्ये खरा कोड नसतोच, कंपाइलरचं मधलं रूप असतं. फंक्शनांचे सेक्शन लिंकच्या वेळी जन्मतात. तेव्हा `-एफफंक्शन-सेक्शन्स` लिंकच्या कमांडलाही द्या, आणि लिंक दोनदा करा. पहिल्यांदा विनास्क्रिप्ट, फक्त `-मॅप` नं नकाशा-फाइल काढायला. तिच्यात कोणता इनपुट सेक्शन कुठे बसला ते असतं. त्यावरून स्क्रिप्ट बनवायची आणि दुसरं लिंक तिच्यासकट. वेळ जवळपास दुप्पट लागतो. एलटीओमध्ये स्टॅटिक फंक्शनांना `.एलटीओ_प्राइव्ह` आणि एक आकडा अशी शेपटी लागू शकते, आणि कोडमध्ये जरा बदल झाला की तो आकडा बदलतो. अशा ठिकाणी आकड्याच्या जागी तारांकन टाकावं लागतं. रस्टच्या जुन्या पद्धतीच्या सिम्बॉलांच्या शेवटी जो हॅश येतो, त्यालाही हाच उपाय.

आता यादी. तुमच्याकडे ती आहे म्हणता, पण ती कुठून आली ते विचारणं भाग आहे. डिबगरमध्ये बसून लिहिलेली किंवा प्रोफाइलरच्या पडद्यावरून उतरवलेली असेल, तर तिच्यात माणसांनी वाचायची नावं असणार. सी++ मध्ये लिंकरला हवं ते गुंतागुंतीचं, मॅंगल केलेलं नाव, म्हणजे कंपाइलरनं आर्ग्युमेंटांचे प्रकार वगैरे गुंफून बनवलेलं. वाचनीय नावावरून मॅंगल नाव काढणं दर वेळी जमत नाही, कारण दोन वेगळी सिम्बॉलं उलगडल्यावर एकसारखी दिसू शकतात. म्हणून नोंद पत्त्यांची करावी आणि पत्त्यावरून सिम्बॉल शोधावं.

सुरू होण्याच्या वेळेसाठी मला अजूनही `-एफइन्स्ट्रुमेंट-फंक्शन्स` हाच सर्वांत सरळ मार्ग वाटतो. प्रत्येक फंक्शनात शिरताना कंपाइलर एका ठरलेल्या हुकला (आपण लिहून दिलेल्या फंक्शनला) बोलावतो आणि फंक्शनाचा पत्ता देतो. हुकमध्ये एवढंच करायचं की हा पत्ता पहिल्यांदाच दिसत असेल तर यादीच्या शेवटी जोडायचा. हुकच्या स्वतःच्या फंक्शनाला `नो_इन्स्ट्रुमेंट_फंक्शन` ॲट्रिब्यूट लावायला विसरलात तर ते स्वतःलाच बोलावत राहील आणि स्टॅक संपेपर्यंत थांबणार नाही. एक्झिक्युटेबल पीआयई (दर वेळी वेगळ्या पत्त्यावर लोड होऊ शकणारं) असेल तर पत्त्यातून लोड झालेला पाया वजा करून ठेवा. यादीत इनलाइन झालेली फंक्शनंही येतील. त्यांना स्वतंत्र सेक्शन नसेल, तर नकाशात ती सापडणार नाहीत, आणि ते ठीकच आहे.

क्रमानं फायदा नेमका कुठे होतो याचा अंदाज साध्या हिशेबानं येतो. समजा सुरुवातीला 3000 फंक्शनं चालतात, सरासरी 200 बाइटची. एकत्र ठेवली तर 600 केबी, म्हणजे 4 केबीची सुमारे 150 पानं (मेमरी अशा पानांच्या तुकड्यांतच हाताळली जाते). 40 एमबीच्या कोडभर विखुरलेली असली तर सर्वांत वाईट स्थितीत 3000 वेगळी पानं, म्हणजे 12 एमबी. मात्र लिनक्सचा कर्नल एका पानाच्या फॉल्टला (ते पान अजून जोडलेलं नसताना लागलं की) त्याच्या आसपासची, पेज कॅशमध्ये (मेमरीत ठेवलेल्या फाइलींच्या प्रतीत) आधीच असलेली पानंही जोडून देतो. ही खिडकी मुळात 64 केबीची असते. त्यामुळे फाइल मेमरीत असताना प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला तर फरक बेताचाच दिसतो. डिस्कवरून थंड अवस्थेत सुरू होतो तेव्हा मोठा दिसतो. "क्रम लावला, काहीच झालं नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी गरम कॅशवर मोजलेलं असतं.

प्रोग्रॅम दीर्घकाळ चालणारा असेल तर पहिल्या वेळचा क्रम कामाचा नाही. तिथे लढाई इन्स्ट्रक्शन कॅश आणि आयटीएलबीशी (कोडच्या पानांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या प्रोसेसरमधल्या छोट्या तक्त्याशी) असते. कित्येक प्रोसेसरांवर पहिल्या पातळीच्या आयटीएलबीत 64 किंवा 128 नोंदी असतात. 128 नोंदी गुणिले 4 केबी, म्हणजे एका वेळी फक्त 512 केबी कोडचे पत्ते हाताशी. तापलेला कोड जितक्या कमी पानांत मावेल तितकं बरं. यासाठी जुनी आणि अजून टिकलेली रीत पेटिस आणि हॅन्सन यांच्या 1990च्या शोधनिबंधातली. कोण कोणाला किती वेळा बोलावतं याचा ग्राफ काढायचा, सर्वांत जड कडेची दोन टोकं एकत्र करायची, मग पुढची जड कड, असं करत साखळ्या बांधायच्या. तिच्यात बोलावण्याची दिशा विचारात घेतलेली नाही. फेसबुकच्या एचएचव्हीएम या वेबसाइटचा कोड चालवणाऱ्या इंजिनासाठी केलेलं आणि 2017 साली प्रसिद्ध झालेलं काम तिथे सुधारणा करतं. बोलावणारा आधी, बोलावलेला लगेच त्याच्यामागे. कारण उघड आहे. बोलावणारा पुढे असला की उडी त्याच्या आतल्या बोलावण्याच्या जागेपासून त्याच्याच शेवटापर्यंत, एवढीच पडते. उलट ठेवलं तर बोलावलेल्याचा अख्खा आकार त्या अंतरात मिळतो. हे अल्गोरिदम स्वतः लिहायची गरज नाही, पण यादी "सर्वांत जास्त चाललेलं फंक्शन सर्वांत वर" अशी नुसती उतरत्या क्रमानं लावू नका. त्यात एकमेकांना कधीच न भेटणारी फंक्शनं शेजारी येतात.

यादी आली, स्क्रिप्ट बनली, लिंक झालं. आता पडताळणी, आणि ही बिल्डचाच भाग हवी. पूर्वी एका ठिकाणी काम करताना आमच्याकडे अशी स्क्रिप्ट होती. बनवणारा गृहस्थ दुसरीकडे गेला, कंपाइलरची आवृत्ती बदलली, काही फ्लॅग बदलले आणि सेक्शनांची नावं सरकली. स्क्रिप्ट प्रत्येक बिल्डमध्ये इमानेइतबारे लिंकरला दिली जात होती. निम्म्याहून जास्त ओळींना जुळणारं काहीच नव्हतं आणि कित्येक महिने कोणाला पत्ता नाही. लक्षात आलं तेही भलत्याच कामासाठी `एनएम -एन` चं (पत्त्यांच्या क्रमानं सिम्बॉलं दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट चाळताना. तेव्हापासून माझा नियम असा आहे: लिंक झाल्यावर पत्त्यांच्या क्रमानं सिम्बॉलं काढायची, यादीशी ताडायची, आणि तीन आकडे छापायचे. यादीत किती, सापडली किती, योग्य क्रमानं किती. सापडलेल्यांचं प्रमाण ठरवलेल्या मर्यादेखाली गेलं तर बिल्ड पाडायचं. इशारा देऊन सोडायचं नाही, कारण इशारे कोणी वाचत नाही. मर्यादा किती? मी पहिल्या चांगल्या बिल्डचा आकडा बघतो आणि त्याच्या जरा खाली ठेवतो. शंभर टक्के ठेवली तर इनलाइन होणारं पहिलंच फंक्शन बिल्ड पाडेल.

फायदा मोजण्याबद्दल एक गोष्ट, जिच्याकडे फार थोडे लक्ष देतात. 2009 साली मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नुसता ऑब्जेक्ट फाइली लिंक करण्याचा क्रम बदलला, किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांचा आकार बदलला, तरी प्रोग्रॅमचा वेग इतका हलतो की ऑप्टिमायझेशनचा निष्कर्ष उलटा निघू शकतो. आपण तर क्रमच बदलतोय! म्हणजे कोणताही क्रम लावला तरी आकडा थोडा इकडेतिकडे होणारच. सुदैवानं स्क्रिप्ट बनवणारा प्रोग्रॅम आता हातात आहे. त्यालाच सांगा, यादी पिसून वीस यादृच्छिक क्रम काढ. वीस बायनरी बांधा, सगळ्या मोजा. तुमचा खास क्रम त्या विसांच्या पसाऱ्याच्या स्पष्टपणे बाहेर पडत नसेल, तर मिळालेला "चार टक्के फायदा" निव्वळ नशीब आहे. मी स्वतः या चाचणीत दोनदा तोंडावर पडलोय.

एम्बेडेडवाल्यांसाठी दोन शब्द. तिथे क्रमापेक्षा जागा महत्त्वाची असते: कोणतं फंक्शन फ्लॅशमध्ये, कोणतं वेगवान रॅममध्ये. स्क्रिप्ट बनवण्याची रीत तीच, फक्त आउटपुट सेक्शनचा चालण्याचा पत्ता आणि साठवण्याचा पत्ता वेगळे द्यावे लागतात, आणि सुरुवातीच्या कोडनं ते फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवावं लागतं. फंक्शनं दूर गेली की उडीचा पल्ला आडवा येतो. एआरएम प्रोसेसरांच्या थंब-2 मध्ये तो दोन्ही बाजूंना 16 एमबी, 64-बिट एआरएममध्ये (एआर्च64) 128 एमबी, रिस्क-व्ही या दुसऱ्या प्रोसेसर-कुळाच्या एका सूचनेत जेमतेम 1 एमबी. पल्ल्याबाहेर गेलं की एआरएमवर लिंकर मध्ये छोटा पूल घालतो, आणि रिस्क-व्हीवर दोन सूचनांची लांब उडी तशीच राहते. मग वेगासाठी हलवलेलं फंक्शन पुलाच्या फेऱ्यानंच हळू होतं.

आता थोडं विरुद्ध बाजूनं. स्क्रिप्ट हा एकमेव मार्ग नाही, आणि लिंकर बदलायची मुभा असेल तर पहिला पर्यायही नाही. एलएलडी या दुसऱ्या लिंकरला `--सिम्बॉल-ऑर्डरिंग-फाइल` नं सिम्बॉलांची साधी यादी देता येते, एका ओळीला एक. सेक्शनचं नाव शोधायची कटकट तो स्वतः निस्तरतो आणि न सापडलेल्या सिम्बॉलाबद्दल बोलूनही दाखवतो. ॲपलच्या लिंकरला `-ऑर्डर_फाइल`, मायक्रोसॉफ्टच्या लिंकरला `/ऑर्डर` हेच काम करतात. गोल्ड या जीएनयूच्या दुसऱ्या लिंकरमध्येही सेक्शनांची यादी देण्याची सोय होती, पण 2025मध्ये आलेल्या बिनयुटिल्स (एलडी ज्यातून येतो ते पॅकेज) 2.44 पासून गोल्ड मुख्य पॅकेजातून बाहेर काढलाय, नवं काम त्याच्यावर उभारू नका. जीसीसीची प्रोफाइल आणि एलटीओ दोन्ही वापरत असाल, तर पहिल्यांदा चालण्याच्या क्रमानं फंक्शनं `.टेक्स्ट.सॉर्टेड.` खाली तो आपणहून लावतो. मूळ स्क्रिप्टमधली ती ओळ याचसाठी आहे. आणि बोल्ट हा प्रोग्रॅम तर लिंक झालेली बायनरीच घेऊन फंक्शनांच्या आतले ब्लॉकसुद्धा नव्यानं मांडतो, तिथे लिंकर स्क्रिप्टचा हात पोचत नाही. स्क्रिप्ट मी तेव्हाच निवडतो जेव्हा लिंकर जीएनयू एलडीच ठेवायचाय, किंवा क्रमासोबत पत्त्यावरही ताबा हवा आहे.

दहा-वीस हजार ओळींची स्क्रिप्ट बनवणार असाल तर आधी लिंकचा वेळ मोजा. जुन्या एलडीमध्ये प्रत्येक ओळ प्रत्येक सेक्शनशी ताडली जायची आणि लिंक सेकंदांवरून मिनिटांवर जायचं. नवीन आवृत्त्यांत हे बरंच सुधारलंय. तुमच्या 180 ओळींना ही भीती नाही.

तुमच्यासाठी कामाचा क्रम असा लावेन. आधी प्रत्येक नाव वेगळ्या कंसात घ्या, `मेन` ला `स्टार्टअप` जोडा आणि पुन्हा लिंक करून `एनएम -एन` बघा. माझा अंदाज, अर्ध्याहून जास्त नावं इथेच जागेवर येतील. उरलेल्यांची ऑब्जेक्ट फाइल शोधून तिच्यात स्वतंत्र सेक्शन आहे का ते पाहा. नसेल तर त्या लायब्ररीच्या बिल्डमध्ये फ्लॅग घालावा लागेल, आणि ती बाहेरून तयार येत असेल तर तिची फंक्शनं यादीतून काढून टाका. त्यांच्यापायी स्क्रिप्टमध्ये `*लिबअमुक.ए:*(.टेक्स्ट)` असं लिहून अख्खी लायब्ररी ओढून आणण्याचा मोह होईल. 40 केबीच्या राखीव जागेत 3 एमबी येऊन पडतात, आणि ज्या फंक्शनांना शेजारी आणायला निघालात ती पुन्हा एकमेकांपासून दूर जातात.